माळव्याचे दुसरे दूध

माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी मूळच्या प्रांतातून काय आणले आणि येथून काय उचलले, याचा हिशेब कोणी मांडलाच तर त्यात दुधाचे पान सर्वांत मोठे भरेल. अठराव्या शतकात होळकर, शिंदे आणि पवार यांच्या पाठोपाठ आपले पूर्वज नर्मदा ओलांडून आले. ताक, कढी, वरणभातावरचे तूप आणि सणावारी श्रीखंड ही त्यांची शिदोरी. येथे त्यांना रबडी भेटली, मावा भेटला, आणि रात्रीच्या सराफ्यात कढईतले आटीव दूधही भेटले. दोन्ही परंपरा आपण मोठ्या समाधानाने पोटात घातल्या. दूध, दही, ताक, लोणी आणि तूप ही पाच नावे आपल्या स्वयंपाकातून वगळली तर मागे काय उरेल, असे कोणी काही वर्षांपूर्वी आम्हांस विचारले असते, तर तो अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न समजून आम्ही सोडून दिला असता.

परंतु गेल्या वर्षी हाच प्रश्न आमच्या घरी अनिवार्य होऊन आला. आमच्या सूनबाईंनी दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ वर्ज्य केले. इंग्रजीत ज्याला ‘व्हीगन’ म्हणतात तो हा आचार. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. मांसाहार तर नाहीच, पण दूध, तूप, मध असे प्राण्यापासून मिळणारे काहीही घ्यायचे नाही, असा त्याचा अर्थ. सूनबाईंचे कारण साधे होते. गाईचे दूध वासरासाठी असते आणि दुधाच्या व्यापारात त्या वासराचे काय होते, हे एकदा पाहिल्यावर त्यांना तो घोट घेववेना. युक्तिवाद त्यांनी केला नाही, उपदेश तर मुळीच नाही. आपले ताट मात्र त्यांनी निराळे वाढून घेतले.

खरी अडचण त्या निराळ्या ताटात होती. दोन महिन्यांत घरात दोन स्वयंपाक होऊ लागले, आणि मग जेवणाच्या वेळाही दोन झाल्या. सूनबाईंनी तक्रार केली नाही, आमच्या सौभाग्यवतींनीही केली नाही. तक्रार न होता ज्या घरातली पंगत फुटते, त्या घराची चिंता अधिक वाटते. त्यात आमच्या आठ वर्षांच्या नातीने एकदा पावावरच्या चीजचा तुकडा हातात धरून विचारले, “आजोबा, मी कोणाच्या बाजूला बसू?” दसरा तीन आठवड्यांवर आला होता. दसऱ्याला श्रीखंड, आणि श्रीखंडाला एक पंगत, हा आमच्या घरचा नियम. तेव्हा दुधावाचून चक्का, पनीर आणि चीज कोठे मिळते याचा शोध घेण्याचे आम्ही मनावर घेतले.

शोधाचा आरंभ आमच्या इंदुरातच केला. विजयनगर भागातील एका मोठ्या दुकानात शीतकपाटाच्या कोपऱ्यात वनस्पतिजन्य चीजची तीन-चार पाकिटे सापडली. किंमत साध्या चीजच्या दुपटीहून अधिक. वेष्टनावरील बारीक अक्षरे आम्ही चष्मा सारखा करून वाचली : पाणी, खोबरेल तेल, टॅपिओकाचा स्टार्च, मीठ, रंग आणि स्वाद. टॅपिओका हा शब्द वाचून सौभाग्यवती एकदम म्हणाल्या, “अहो, हा तर आपला साबुदाणा!” आणि ते खरेच आहे. ज्या कंदाच्या पिठापासून तमिळनाडूतील सेलमकडे साबुदाणा बनतो, त्याच पिठाने हे चीज तार धरते. दुधाच्या चीजला ती तार केसीन या प्रथिनाच्या जाळ्यामुळे येते. ते जाळे वनस्पतीत नाही, म्हणून चिकट स्टार्चने त्याची नक्कल करायची आणि खोबरेलाने स्निग्धता आणायची, अशी ही युक्ती. नातीच्या पावावर ते बरे वितळले. परंतु पाकिटामागील तक्त्यात प्रथिनांच्या रकान्यासमोर जवळजवळ शून्य होते. दुधाच्या जागी बसवायचे म्हणजे केवळ चवीच्या जागी बसवून भागत नाही, हे तेथे ध्यानात आले.

वेष्टन वाचण्याची सवय मात्र उपयोगी पडली. नात्यागोत्यात कोणी दूध सोडले असेल त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवावेत : केसीन, व्हे आणि मिल्क सॉलिड्स. यांपैकी एकही दिसला तर पदार्थ दुधाचाच. बाजारात जे स्वस्त ‘ॲनालॉग’ पनीर मिळते, त्यात वनस्पती तेल असले तरी बहुधा दुधाची भुकटीही असते. ‘पनीर’ वा ‘चीज’ हे शब्द वनस्पतिजन्य मालावर लावण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली हरकत घेतली आणि २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम व हिरवे चिन्ह आले. त्यामुळे नावावर न विसंबता ते चिन्ह शोधणे बरे.

त्याच रात्री सराफ्यात गेलो. सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकाने उघडतात, हे इंदूरकरांस सांगणे नलगे. इतकी वर्षे आम्ही येथे जिभेने वाचन केले, त्या रात्री प्रथमच डोळ्यांनी केले. रबडी, मालपुवा, दहीवडा गेलेच. भुट्ट्याच्या किसातही दूध असते, तोही गेला. परंतु तेलात तळून मसाला भुरभुरलेला गराडू राहिला, खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस राहिले, बेसनाच्या शेवेचे सारे गोत्र राहिले. सूनबाई गराडूचा द्रोण घेऊन म्हणाल्या, “बाबा, सराफ्याने मला वाळीत टाकलेले नाही!” त्यांचे ते हसणे घरात फार दिवसांनी ऐकू आले.

पनीरचा प्रश्न तरीही उरला. वस्तुतः पनीर आपल्या जुन्या मराठी स्वयंपाकातले नव्हे. आपल्या आजींच्या घरी दूध नासले तर हळहळ होई, कोणी मुद्दाम नासवीत नसे. परंतु आज लग्नाच्या पंगतीत आणि मुलांच्या डब्यात त्याने जागा मिळवली आहे. त्याला पर्याय म्हणून ‘सोया पनीर’, म्हणजेच तोफू, याचे नाव सर्वांनी सांगितले. इंदुरात मिळालेली एक-दोन पाकिटे मात्र शिळी आणि आंबूस निघाली. तेव्हा ते ताजे कसे बनते हे पाहण्यासाठी भोपाळला जावे असे ठरले. तेथील केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था १९७६ साली स्थापन झाली. सोयाबीनपासून दूध व तोफू बनविण्याचे प्रशिक्षण ती लहान उद्योजकांना देत आली आहे. अशा प्रशिक्षणातून तयार झालेल्या एका दांपत्याचा छोटा कारखाना तेथे असल्याचे आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कळविले होते.

इंदूर ते भोपाळ हा सुमारे १९० किलोमीटरांचा रस्ता आम्ही शेकडो वेळा केला आहे. मात्र त्या आश्विनात बसच्या खिडकीतून दिसले ते निराळेच. देवासची टेकडी आली. १९४८ पासून तिच्या पायथ्याशी राहून कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकधून साऱ्या देशाला ऐकविली, म्हणून तेथे हात आपोआप जोडले जातात. पुढे सोनकच्छला काळी सिंध, आष्ट्याजवळ पार्वती. या दोन नद्यांच्या दरम्यान जिकडे पाहावे तिकडे सोयाबीनच. पाने गळून गेलेली, पिवळ्या-तपकिरी शेंगांनी लगडलेली गुडघाभर उंचीची झाडे. मधूनमधून विळे घेऊन ओळीने बसलेल्या बाया. रस्त्याकडेला मळणीयंत्राची घरघर आणि वाऱ्यावर उडणारा भुसा. वाळलेली शेंग हातात घेऊन हलविली तर आतले दाणे खुळखुळ्यासारखे वाजतात.

हे पीक माळव्यात पुरातन नाही. मध्य भारतात काळ्या दाण्याचे ‘कालीतूर’ नावाचे देशी वाण थोडेफार पिके. पिवळे सोयाबीन मात्र १९६० नंतर आले. जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने ते रुजविले. त्यापूर्वी माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात बहुतांशी पडीक राही. चिखलात नांगर चालत नसे, म्हणून शेतकरी ओल धरून ठेवी आणि दिवाळीच्या सुमारास गहू-हरभरा पेरी. सोयाबीनने ते रिकामे चार महिने भरून काढले. १९७०च्या सुमारास साऱ्या देशात या पिकाखाली सुमारे ३० हजार हेक्टर जमीन होती. आज एकट्या मध्य प्रदेशात ती ५० लाख हेक्टरांच्या आसपास असते. १९८७ साली सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था इंदूरच्या खंडवा रस्त्यावर उभी राहिली, ती काही उगाच नव्हे.

बसमध्ये आमच्या शेजारी आष्ट्याचे एक वयोवृद्ध शेतकरी बसले होते. चाळीस वर्षे सोयाबीन पेरणाऱ्या त्या गृहस्थांना आम्ही विचारले, “दादा, घर में खाते भी हो कभी?” ते आमच्याकडे क्षणभर बघत राहिले. कापूस खाता का, असे विचारावे तसा त्यांचा चेहरा झाला. मग हसून म्हणाले, “मास्साब, यो तो बेचने को माल हे, खाने को नी.”

हे उत्तर आम्ही पुढे भोपाळपर्यंत मनात घोळवीत होतो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. आपल्या कोणत्याही डाळीत इतकी प्रथिने नाहीत. देवासपासून मंडीदीपपर्यंतच्या कारखान्यांत त्यातले तेल काढून घेतात. मागे राहिलेली पेंड, म्हणजे दाण्याचे सारे सत्त्व, कोंबड्यांच्या खाद्यासाठी जाते, जहाजात चढून परदेशी जाते. ज्या काळ्या मातीतून हे निघते तिच्या लेकरांच्या ताटात मात्र त्यातले तेलच काय ते येते.

हा विचार नवा नव्हे. १९१२ साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. पुढे मोठ्या आजारात त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले आणि त्याची सल त्यांच्या मनात कायम राहिली. दुधाला समर्थ असा वनस्पतिजन्य पर्याय कोणी दाखवावा, असे त्यांनी आत्मकथेत जाणत्यांना विनविले आहे. १९३५च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले आणि त्यांविषयी त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले. बडोद्याच्या वाचकांना तर याचा विशेष अभिमान वाटावा, कारण त्याच सुमारास, १९३६ साली, बडोदे संस्थानातील एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर एक मोठा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्यात लागवडीबरोबर ३०० पाककृतीही दिल्या होत्या. महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी माणसाने ही वाट इतक्या आधी चोखाळली आणि आपण मात्र ती विसरलो.

कारखाना म्हणजे दोन खोल्या व एक पडवी. मालकीणबाई पन्नाशीच्या. त्यांनी आम्हांस बाकावर बसविले आणि कृती दाखविण्यास आरंभ केला. रात्रभर भिजलेले दाणे चोळून त्यांची सालपटे काढली होती. ते त्यांनी उकळत्या पाण्याबरोबर यंत्रात घातले. “सरजी, ठंडे पानी में पीसोगे तो घास की बास आएगी,” असे म्हणून त्यांनी आमच्या आंबूस पाकिटांचे अर्धे कोडे तेथेच सोडविले. दाणा फुटताच त्यातील लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर तेलावर काम करू लागते आणि तो कच्चा, शेंगट वास येतो; पाणी कढत असेल तर ते विकर आधीच निकामी होते. वाटलेले गाळून जे दूध निघाले ते पुन्हा चांगले उकळले, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे एक द्रव्य असते व ते पुरेशा उष्णतेनेच नाहीसे होते. मग दूध ८० अंशांच्या आत येऊ देऊन त्यांनी त्यात कॅल्शियम सल्फेटचे पाणी हलक्या हाताने सोडले. चमचा थांबला. दोन-तीन मिनिटांत दुधाचे ढग झाले आणि फिकट पिवळी निवळी वर आली. ते ढग फडक्यात भरून, छिद्रांच्या पेटीत ठेवून वर वजन दिले. अर्ध्या तासाने पेटी उघडली तेव्हा आत पांढरीशुभ्र, गुळगुळीत वडी होती. एक किलो दाण्यापासून दीड ते दोन किलो तोफू मिळते, असे त्या म्हणाल्या. गाळून उरलेला चोथा कणकेत मिसळून त्याच्या पोळ्या करतात.

ती कोमट वडी आम्ही मिठाच्या कणीबरोबर खाल्ली. चव सौम्य, किंचित गोडसर, आणि जिभेवर लोण्याचा वा मलईचा मागमूस नाही. “कैसा लगा?” असे विचारल्यावर आम्ही प्रामाणिकपणे म्हटले, “पनीर जैसा नहीं है.” त्या बाई मुळीच रागावल्या नाहीत. “पनीर है ही नहीं, सरजी. पनीर समझ के खाओगे तो पनीर याद आएगा.” चाळीस मिनिटांच्या तासिकेत आम्हांस जे जमत नाही ते त्यांनी दोन वाक्यांत साधले.

बर्फाच्या डब्यात तीन किलो तोफू घेऊन आम्ही परतलो. आल्यावर स्वयंपाकघरात सासूसुना शेजारी उभ्या राहिल्या, हीच आमच्या मते त्या प्रवासाची पहिली कमाई. तोफू ताजे असेल तर पाण्यात बुडवून थंड ठेवावे व ते पाणी रोज बदलावे, म्हणजे तीन-चार दिवस चांगले राहते. भाजीत घालण्यापूर्वी वजनाखाली दडपून त्यातील पाणी काढावे, हळद-मिठाच्या पाण्यात अर्धा तास मुरवावे आणि मग तव्यावर तांबूस परतावे. चव बाहेरून आत न्यावी लागते, कारण त्याची स्वतःची फार थोडी. हाताने कुस्करून, फोडणीत कांदा-मिरची घालून केले तर न्याहारीला उत्तम. नातीच्या पावासाठी भिजविलेले काजू, तोफू, लिंबाचा रस आणि मीठ एकत्र वाटून पसरण्याजोगे चीज केले. ते तार धरत नाही, पण डबा रिकामा होऊन परत येतो.

चक्क्याने मात्र परीक्षा पाहिली. सोयाबीनच्या दुधाचे दही लावायचे तर विरजण दुधाचे चालणार नाही. म्हणून शेंगदाण्याचे दूध काढून, कोमट असताना त्यात हिरव्या मिरचीची देठे टाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी ते आंबटसर लागले. पहिले विरजण पाणचट झाले, पण त्याच्यावर लावलेले सोयाबीनचे दुसरे दही घट्ट बसले. ते रात्रभर टांगून जो चक्का आला त्यात काजूची गंधासारखी वाटलेली पेस्ट, साखर, केशर, वेलदोडा आणि जायफळ घालून सौभाग्यवतींनी स्वतः पुरणयंत्रातून काढले. दसऱ्याला दोन भांड्यांत दोन श्रीखंडे झाली, हे खरे. पण पाने एका ओळीत मांडली आणि दोन्ही वाट्या सर्वांच्या पानांत वाढल्या. सूनबाईंच्या पानात तेवढी एक. दुसऱ्या श्रीखंडाला दुधाच्या श्रीखंडाची ती रेशमी जडता नव्हती आणि मागे शेंगदाण्याची पुसटशी आठवण राहत होती. तरीही आमच्या सौभाग्यवतींनी त्याचीच वाटी पुन्हा भरून घेतली. नातीला कोणत्या बाजूला बसावे हे त्या दिवशी विचारावे लागले नाही.

दूध सोडावे की न सोडावे, याचा निवाडा करण्यास हा लेख नाही. आम्ही स्वतः सोडलेले नाही. ज्यांनी सोडले आहे त्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, ते निराळे घ्यावे लागते. कॅल्शियमसाठी कॅल्शियम सल्फेटने साकळलेले तोफू, तीळ आणि नाचणी यांचा आधार घ्यावा. लहान मुलांच्या बाबतीत वैद्यांचा सल्ला आवश्यक, आणि काहींना सोयाबीनच सोसत नाही हेही ध्यानात असावे.

आपण मराठी माणसे परमुलखात आलो तेव्हा येथील मातीने जे दिले ते आपल्या चवीत बसवून घेतले. पोह्यांवर शेव घालण्यास आपण कोणाची परवानगी मागितली नाही. ही माती आता पन्नास-साठ वर्षांपासून आणखी एक दाणा देत आहे. तो आपल्या दारावरून गाड्या भरभरून जातो, आणि आपण तो विकायचा माल म्हणून पाहतो. एखाद्या घरात कोणी दूध सोडले असेल तर त्या माणसाचे ताट निराळे करण्यापूर्वी वाचकांनी पावशेर सोयाबीन रात्री भिजत घालून पाहावे. सकाळी पाणी मात्र चांगले उकळते असू द्यावे.